जुन्या जीपच्या शेडमध्ये नवी थार का मावत नाही

प्रश्न शहादा तालुक्यातून आला आहे. वडिलांची महिंद्रची एमएम ५४० जीप होती. आठ फुटी पत्र्याच्या शेडमध्ये ती आरामात उभी राहायची, केळीच्या बागेपर्यंतच्या वाटेनं जायची आणि तोरणमाळच्या घाटात एका दमात वळायची. आता नवी थार शेडमध्ये शिरते, पण दार उघडत नाही. लहान जीप म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या एवढ्या का वाढल्या आणि आपल्या कामाची गाडी निवडायची कशी, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

आधी एक चूक दुरुस्त करू. गाडी वाढली म्हटलं की सगळे लांबी बघतात. तुमची अडचण रुंदीची आहे, आणि खरी वाढ रुंदीतच जास्त झाली आहे. २०१० ची थार ३९२० मिमी लांब आणि १७२६ मिमी रुंद होती. २०२० ची थार ३९८५ मिमी लांब आणि १८२० मिमी रुंद आहे. म्हणजे दहा वर्षांत लांबी ६५ मिमीनं वाढली आणि रुंदी ९४ मिमीनं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, २४३० चं २४५० झालं; फक्त २० मिमीचा फरक. दुसऱ्या महायुद्धातली मूळ विलिस जीप १५७५ मिमी रुंद होती, व्हीलबेस ८० इंच म्हणजे २०३२ मिमी आणि वजन १०५० किलोच्या आसपास. महिंद्रनं पुढे याच घराण्यातल्या जीप आपल्याकडे बनवल्या. तुमच्या वडिलांची ५४० ही त्याच वंशातली, व्हीलबेस सुमारे ९१ इंचांपर्यंत ताणलेली आणि २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन बसवलेली. विलिसपासून आजच्या तीन दारी थारपर्यंत रुंदी जवळजवळ १० इंचांनी वाढली आहे.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. विलिसचा ग्राउंड क्लिअरन्स पावणेनऊ इंच होता, म्हणजे २२२ मिमी. २०२० च्या थारचा २२६ मिमी आहे. ऐंशी वर्षांत गाडी दहा इंच रुंद झाली, पाऊणेक टन जड झाली, आणि पोटाखालची जागा मात्र तेवढीच राहिली. गाडी का वाढली याचं अर्धं उत्तर या एका जोडीत आहे: बरीचशी वाढ नवीन काही मिळवण्यासाठी झालेलीच नाही, होतं ते टिकवण्यासाठी झाली आहे.

हे कसं ते इंजिनापासून बघू. विलिसचं इंजिन २१९९ सीसीचं होतं, ताकद ६० हॉर्सपॉवर आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचं बळ, १४२ न्यूटन मीटर. थारचं डिझेल इंजिन २१८४ सीसीचं, म्हणजे आकारानं जवळजवळ तेवढंच. पण टर्बो आणि कॉमन रेलमुळे ताकद १३० हॉर्सपॉवर आणि टॉर्क ३०० न्यूटन मीटर. हा दुप्पट टॉर्क लो रेशोच्या, म्हणजे चढ-चिखलासाठीच्या सावकाश गिअरच्या, पहिल्या गिअरमधून कित्येक पटींनी वाढून मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर येतो. तिथली क्राउन आणि पिनियन ही दातेरी चाकं जुन्या मापाची ठेवली तर दात तुटतात. म्हणून क्राउन मोठा, त्यावरचं हाउसिंग मोठं, आणि हाउसिंग मोठं झालं की ते जमिनीच्या जवळ येतं. मागं अखंड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, असलेल्या गाडीत हाउसिंग उचलायचा खरा उपाय एकच: टायर मोठा करणं. स्प्रिंग कितीही उंच केल्या तरी बॉडी वर जाते, एक्सल तिथंच राहतो. आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्माच फायदा क्लिअरन्सला मिळतो. हाउसिंग दोन सेंटिमीटर वर हवं असेल तर टायर चार सेंटिमीटर मोठा लागतो.

विलिसचा ६.००-१६ टायर साधारण ७१-७२ सेंमी व्यासाचा आणि १५ सेंमी रुंदीचा होता. थारचा २५५/६५ आर १८ टायर ७९ सेंमी व्यासाचा आणि साडेपंचवीस सेंमी रुंदीचा आहे. टायर रुंद का, तर वजनामुळे. त्याकडे काळ्या मातीच्या वेळी येतो. आधी पुढच्या चाकाचं गणित बघा. पुढचं चाक वळतं. ३५ अंश वळलेल्या टायरचा आतला कोपरा इंजिन आणि चॅसीच्या दिशेनं किती घुसतो हे मोजलं, तर विलिसच्या टायरचा सुमारे २७ सेंमी येतो आणि थारच्या टायरचा सुमारे ३३ सेंमी. दोन्ही बाजू मिळून साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास जादा जागा फक्त चाक वळायला लागते. इंजिन आणि चॅसी अरुंद करता येत नाही, त्यामुळे चाकं बाहेर सरकतात, त्यांच्यावरचे मडगार्ड बाहेर येतात, आणि दरवाजे त्या रेषेला आणावे लागतात. दहा इंचांतला मोठा वाटा इथेच गेला.

पुढच्या सस्पेन्शनचाही यात हात आहे. जुन्या जीपला पुढेही अखंड एक्सल आणि पाटे होते. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, प्रत्येक चाक वेगवेगळ्या आर्मवर. ही आर्म आखूड असली की चाक वर-खाली होताना दोन चाकांमधलं अंतर आणि चाकाचा कल बदलतात, टायर एका कडेनं झिजतात आणि चाकाची हालचालही कमी मिळते. चांगलं काम करायचं तर आर्म लांब हवेत, आणि लांब आर्म म्हणजे रुंद गाडी. मारुतीच्या जिम्नीनं पुढे-मागे अखंड एक्सल ठेवला, म्हणून ती १६४५ मिमी रुंदीत बसली. तिच्या इंजिनाचा टॉर्क १३४ न्यूटन मीटर आहे, विलिसपेक्षाही थोडा कमी. टॉर्क कमी, म्हणून एक्सल हलका. एक्सल हलका, म्हणून टायर १९५/८० आर १५ म्हणजे ६९ सेंमीचा पुरतो. आणि एवढं करून क्लिअरन्स २१० मिमी मिळतो. लहान गाडी आजही बनते, पण तिला इंजिनापासून लहान राहावं लागतं. मोठं डिझेल हवं आणि गाडी अरुंदही हवी, हे दोन्ही एकत्र मिळत नाही.

दुसरं कारण उलटण्याचं. गाडी किती कोनावर आडवी होईल हे दोन मापांवर ठरतं: दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, आणि गुरुत्वमध्याची उंची. विलिसचा ट्रॅक १२४५ मिमी, थारचा १५२० मिमी. समजण्यापुरतं दोन्हींचा गुरुत्वमध्य ७० सेंमी उंचीवर धरला, तर विलिस साधारण ४१-४२ अंशांवर आडवी होते आणि थार ४७ अंशांवर. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, टायर वाकतो, म्हणून दोन्ही आकडे यापेक्षा बरेच खाली येतात. फरक मात्र राहतो. जुन्या जीप ५०-६० च्या वेगानं चालायच्या. आज तीच गाडी सुरत-नागपूर चौपदरीवर ताशी १०० नं जाते आणि समोर म्हैस आली की ड्रायव्हर स्टिअरिंग झटक्यात फिरवतो. अरुंद ट्रॅक आणि उंच बॉडी असलेली गाडी त्या झटक्यात दोन चाकांवर येते. मारुतीच्या जिप्सीचा ट्रॅकही पुढे वाढवून ‘वाइड ट्रॅक’ जिप्सी काढावी लागली, ती याच कारणासाठी. हा बदल मनापासून पटण्यासारखा आहे. अरुंद जीप उलटून गेलेले जीव आपल्या भागात कमी नाहीत.

तिसरं कारण कायद्याचं. भारतात समोरच्या धडकेची एआयएस-०९८ आणि बाजूच्या धडकेची एआयएस-०९९ ही चाचणी नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून बंधनकारक झाली. पहिल्या चाचणीत गाडी ताशी ५६ किमीनं एका बाजूनं अडथळ्यावर आदळते, दुसरीत ताशी ५० किमीनं ढकलगाडी तिच्या कुशीत घुसते. समोरून वाचायचं तर बंपर आणि इंजिनाच्या मध्ये चुरगळायला जागा हवी; विलिसमध्ये बंपरच्या मागे लगेच रेडिएटर होता. कुशीतून वाचायचं तर माणसाच्या खांद्यापासून बाहेरच्या पत्र्यापर्यंत अंतर हवं, दारात आडवी पट्टी हवी, खांब जाड हवेत. तुमच्या वडिलांच्या ५४० च्या दाराची जाडी आणि नव्या थारच्या दाराची जाडी टेपनं मोजून बघा, मग रुंदी कुठे गेली ते डोळ्यांनी दिसेल. याच्या जोडीला २०१९ मध्ये एबीएस आणि ड्रायव्हर एअरबॅग सक्तीची झाली. जिप्सी सर्वसामान्य ग्राहकांसाठी २०१९ मध्ये बंद झाली ती या नियमांच्या तोंडावरच. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले, पाच दारी थार रॉक्सला भारत एनकॅपच्या चाचणीत पाच. कॅनव्हासच्या जीपमध्ये हे शक्य नव्हतं.

त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्याच्या आजूबाजूचे कॅटॅलिस्ट, सेन्सर, उष्णतेचे पत्रे, हे सगळं इंजिनाच्या कुशीत किंवा गाडीखाली बसवावं लागतं. शिवाय एसी. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तिथं एसीशिवाय गाडी आज कोणी घेणार नाही. आणि एसीचा कंडेन्सर, टर्बोचा इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक लावायचे म्हणजे नाक लांब होतं.

चौथं कारण माणसांचं आहे. आपल्याकडे जीप एकेकाळी सगळंच करायची: अक्कलकुवा-मोलगी मार्गावर काळी-पिवळी म्हणून माणसं भरून न्यायची, खताच्या गोण्या आणायची, ट्रेलर ओढायची. मालाचं काम पिकअपनं घेतलं आणि ओढण्याचं ट्रॅक्टरनं. फोर बाय फोर जीपच्या वाट्याला उरलं ते घरच्या माणसांना घेऊन जाणं. मग मागच्या आडव्या बाकांच्या जागी समोर तोंड करून बसायची सीट, तिला गुडघ्यापुढे जागा, मागं दार, सामानाला डिकी. ही सीट मागच्या एक्सलवर ठेवली तर माणूस उंच उडतो आणि दोन चाकांच्या मडगार्डमध्ये अडकतो. सीट एक्सलच्या पुढे आणायची म्हणजे व्हीलबेस वाढवायचा. परदेशातल्या तीन दारी जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिमी आहे, आपल्याकडच्या पाच दारीचा २५९०. तीन दारी थारचा २४५०, रॉक्सचा २८५०. जवळजवळ पूर्ण वाढ पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये आहे, आणि ऑफ-रोडला नेमकी तीच जागा सगळ्यात महाग पडते.

लांबी मात्र आपल्याकडे चार मीटरच्या काठावर येऊन थांबलेली दिसते. तीन दारी थार ३९८५ मिमी, पाच दारी जिम्नीही ३९८५ मिमी, मागं टांगलेली स्टेपनी धरून. हा योगायोग नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या लहान गाड्यांना कमी कराचा फायदा मिळाला, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर. तीच रेषा जीएसटीतही राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतल्या गाडीला १८ टक्के आणि त्याबाहेरच्या गाडीला ४० टक्के. लांबीवर रेषा आहे, रुंदीवर नाही, म्हणून कंपन्या आडव्या वाढल्या. इथे खरेदीत एक फसगत होते. थारचं १४९७ सीसीचं डिझेल १८ टक्क्यांत येतं, पण ती फक्त मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. फोर बाय फोर थार मोठ्या इंजिनात मिळते, म्हणजे ४० टक्क्यांत. जिम्नी लांबीत बसते, पण पेट्रोल १४६२ सीसी असल्यानं तीही ४० टक्क्यांत. कागदावर स्वस्त दिसणारी मागच्या चाकांची थार तुमच्या बागेच्या वाटेवर एप्रिलमध्ये जाईल, जुलैमध्ये जाणार नाही.

कायद्यानं रुंदीही बांधली तर काय होतं याचं उदाहरण जपानमध्ये आहे. तिथल्या केई, म्हणजे कायद्यानं माप बांधलेल्या छोट्या गाड्यांच्या वर्गात १९७० ची पहिली जिम्नी २९९५ मिमी लांब आणि १२९५ मिमी रुंद होती, कारण मर्यादाच ३ मीटर आणि १.३ मीटर होती. मर्यादा १९७६ मध्ये ३.२ आणि १.४ मीटर झाली, १९९० मध्ये लांबी ३.३, आणि १९९८ मध्ये ३.४ आणि १.४८ मीटर. केई जिम्नी प्रत्येक वेळी नव्या रेषेपर्यंत वाढली आणि तिथंच थांबली. जागा मिळाली की गाडी ती भरून काढते. अडवलं तर अभियंते त्यातच मार्ग काढतात.

आता या वाढीची किंमत आपल्या भागात कुठे मोजावी लागते ते.

घाटात. पुढचं चाक ३५ अंश वळतं असं धरलं, तर व्हीलबेसला ०.५७४ नं भागून पुढच्या चाकाची वळण-त्रिज्या येते. विलिसची ३.५४ मीटर, तीन दारी थारची ४.२७, रॉक्सची ४.९७. म्हणजे तोरणमाळचा सात पायरी घाट किंवा तळोदा-धडगाव मार्गावरचा चांदसैली घाट यांच्या अरुंद वळणावर रॉक्सला तीन दारी थारपेक्षा १ मीटर ४० सेंमी जादा व्यास लागतो. त्यातून मागचं चाक आत कापतं: विलिसचं ६४ सेंमी, थारचं ७७, रॉक्सचं ९०. कंपन्या पुढच्या चाकाचा कोन थोडा कमी-जास्त ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्ष माप बदलेल, पण क्रम हाच राहील. नवी लांब गाडी घेतलेल्यांच्या मागच्या उजव्या-डाव्या पायदानाला घाटातले दगड लागतात ते या आत कापण्यामुळे. वळणावर पुढचं चाक बाहेरच्या कडेला जेवढं नेता येईल तेवढं नेऊन मगच वळवा. कडेची माती पावसात सुटलेली नाही ना, हे आधी उतरून बघा.

नाल्यात आणि बांधावर. दोन चाकांच्या मधलं पोट टेकतं की नाही ते रॅम्प-ओव्हर कोनावर ठरतं. तीन दारी थारला तो साधारण २७ अंश आहे, रॉक्सला २४, पाच दारी जिम्नीला २४. शेताचा बांध चढताना पुढची चाकं पलीकडे उतरली आणि गाडी पोटावर बसली, की चारही चाकं फिरून उपयोग नाही. जॅकनं उचलून चाकांखाली दगड भरणं हाच उपाय. बांध तिरका चढा: एक चाक आधी, दुसरं नंतर. उंच गाडीत हे करताना उताराच्या बाजूला खड्डा नाही ना, तेवढं पाहून.

काळ्या मातीत वजन सगळ्यात जास्त नडतं. टायर जमिनीवर जो दाब देतो तो जवळजवळ त्यातल्या हवेच्या दाबाइतका असतो. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. पावणेदोन टनांच्या गाडीच्या एका चाकावर सुमारे ४४० किलो येतात, म्हणजे टायर १९५ चौरस सेंमीवर टेकलेला असतो. हवा १८ पीएसआयवर आणली की तेच क्षेत्र ३४५ चौरस सेंमी होतं आणि रुतणं लगेच कमी होतं. जड गाडीला हे करायचं तर टायरमध्ये तेवढी हवा आणि रुंदी आधीच असावी लागते, नाहीतर रिम जमिनीला लागते. म्हणून जड गाडीचे टायर रुंद. सव्वा टनाची जिम्नी १९५ च्या टायरवर तेच काम करते. दुसरी गोष्ट अशी की पावसाळ्यात आपल्या रेगुर मातीला खाली टणक थर हाताशी सापडत नाही. अरुंद टायर चिखल कापून टणक थरापर्यंत जातो हा नियम मुरमाड वाटेवर खरा, केळीच्या काळ्या शेतात नाही. माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून खोल जाऊ नका. लो रेशोच्या दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सरळ ठेवा, आणि चाकं फिरून गाडी हलेनाशी झाली की लगेच थांबून मागं घ्या.

पाण्यात. थारची पाणी ओलांडायची मर्यादा ६५० मिमी दिली आहे. हा आकडा थांबलेल्या पाण्यासाठी धरावा, सातपुड्यातल्या वाहत्या नाल्यासाठी नाही. कारण आता गाडी बंद डब्यासारखी आहे. बॉडीचा तळ पाण्यात १५ सेंटिमीटर बुडाला की सुमारे ६ चौरस मीटर तळावर ९०० किलोंच्या आसपास उचल मिळते. म्हणजे गाडीचं निम्मं वजन टायरवरून निघून जातं, आणि वाहतं पाणी तिच्या रुंद कुशीला ढकलत असतं. जुन्या उघड्या जीपमध्ये पाणी आत शिरायचं, माणसं भिजायची, पण गाडी तळाला बसून राहायची. वाहत्या पाण्यात चाकाच्या मध्याच्या वर पाणी असेल तर मोठ्या गाडीनंही उतरू नये.

तुमच्या निवडीकडे येऊ. शेड आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर. थार डाव्या भिंतीपासून १५ सेंमीवर लावली तर उजवीकडे ४७ सेंमी उरतात. थारचं लांब दार तेवढ्यात नीट उघडत नाही. जिम्नी तशीच लावली तर ६४ सेंमी उरतात, माणूस उतरतो. शेड वाढवायचं असेल तर १.८२ मीटर गाडीला दोन्ही बाजूंना ६० सेंमी धरून दहा फूट रुंदी ठेवा. फोर्सची गुरखा मनात असेल तर रुंदीबरोबर उंचीही मोजा. ती दोन मीटरच्या वर आहे, आणि शेडच्या आडव्या पाइपला तिची टप लागते.

वाट मोजताना कंपनीचा रुंदीचा आकडा वापरू नका, तो आरसे सोडून असतो. शोरूमच्या गाडीला आरसे उघडे ठेवून टेप लावा. थारचं माप दोन मीटरच्या पुढे जाईल. मग दोन बांबू तेवढ्या अंतरावर एका काठीला आडवे बांधा आणि ते घेऊन बागेची पूर्ण वाट चाला. सरळ भागात दोन्ही बाजूंना किमान ३० सेंमी मोकळे हवेत. ठिबकच्या नळ्या, व्हॉल्व्हचे खांब आणि केळीला दिलेले टेकू धरून मोजा. वळणावर वर दिलेलं आत कापण्याचं माप जास्तीचं धरा. पुलाच्या कठड्यांमध्ये आणि फाटकात थांबून मोजा, कारण बांध सरकवता येतो, सिमेंट सरकत नाही. टेस्ट ड्राइव्ह शहराच्या रस्त्यावर घेऊन काही कळत नाही. गाडी एकदा याच वाटेवर मागवा.

माझं मत स्पष्ट आहे. रोज बागेत जायचं असेल, चार माणसांपेक्षा जास्त बसणार नसतील आणि घाट नेहमीचा असेल, तर जिम्नी घ्या. अरुंद आणि हलकी, हेच तिचं बळ. तिची उणीव अशी की चार माणसं आणि सामान भरून एसी लावून घाट चढताना पेट्रोल इंजिनाला दोन गिअर खाली यावं लागतं, आणि डिझेल मिळत नाही. ओझं ओढायचं असेल, महामार्गावर रोज शंभर-दीडशे किलोमीटर असतील, तर तीन दारी फोर बाय फोर डिझेल थार आणि दहा फुटी शेड. रॉक्स चांगली कुटुंबाची गाडी आहे, तुमच्या वाटेची नाही. बीएस-६ डिझेल घेतलं आणि ते फक्त घर ते शेत असं तीन-चार किलोमीटर फिरवलं, तर धुराचा फिल्टर काजळीनं भरतो आणि दिवा लागतो. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं महामार्गावर एकसारख्या वेगानं चालवावी लागते. वडिलांची ५४० अजून चालू असेल आणि १५ वर्षं उलटली असतील, तर आरटीओत फिटनेस करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. शेतकामाला ती ठेवून महामार्गाला वेगळी गाडी, हा मार्गही वाईट नाही.

घेतल्यावर रुंदी आणखी वाढवू नका. शहाद्यापासून धुळ्यापर्यंत कुठेही चाक बाहेर सरकवणारे स्पेसर आणि रुंद टायर बसवून मिळतात. जिम्नीला १९५/८० च्या जागी २३५/७५ आर १५ लावला तर व्यास ६९ चा ७३ सेंमी होतो, स्पीडोमीटर जवळजवळ ६ टक्के कमी दाखवतो, पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासतो आणि बाहेर सरकलेल्या चाकामुळे बेअरिंग लवकर जातं. कंपनीच्या मापाबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि अपघातानंतर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. २१५/७५ आर १५ पर्यंत व्यास दीड टक्काच वाढतो. तरी त्याआधी आरटीओत आणि विम्यात विचारून घ्या. थार घेताना १६ इंची रिमचा पर्याय मिळत असेल तर तोच घ्या. २४५/७५ आर १६ ची बाजूची भिंत १८४ मिमी आहे, २५५/६५ आर १८ ची १६६, आणि रॉक्सच्या २५५/६० आर १९ ची १५३. हवा कमी करून दगडावर चढताना ती भिंतच रिम वाचवते.

बारा व्होल्टचा पंप आणि प्रेशर गेज गाडीत कायम असू द्या. काळ्या मातीत उतरताना १८-२० पीएसआय, तापीच्या वाळूत १५. साध्या रिमवर त्याखाली नको, नाहीतर वळताना टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्यावर आलात की दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा बघून आधी हवा भरा, मग गाडी वेगात घ्या. १८ पीएसआयवर ताशी ८० नं चालवलेला टायर उन्हाळ्याच्या दुपारी बाजूनं फुटतो.